पुढारीपणाची पदवी

आमच्या घरात ‘पुढारी’ हा शब्द चांगल्या अर्थाने वापरलेला मी कधी ऐकला नाही. लग्नकार्यात एखादा पाहुणा उगाच चहूकडे हुकूम सोडू लागला की आजी पदराआडून म्हणायची, “आला मोठा पुढारी!” त्यामुळे वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी ‘नेतृत्व : सिद्धांत आणि व्यवहार’ या विषयाचे वीतभर जाडीचे पुस्तक मी घरी आणले, तेव्हा मंडळींनी त्याचे स्वागत कसे केले असेल याची वाचकांनी कल्पना करावी. मुलीने ते हातात तोलून पाहिले. सौ. म्हणाली, “घरात तुमचं कोणी ऐकत नाही. आता पुस्तक वाचून ऐकायला लावणार का?”

पुढे मला कळले, की हा त्या शास्त्रातला अगदी मूळचा प्रश्न आहे आणि गेली शंभर वर्षे मोठमोठे विद्वान त्याच्याशीच झगडत आहेत. एका माणसाचे दुसरा माणूस का ऐकतो? आणि ऐकत नसेल तर काय करावे?

मी भंडाऱ्याला बँकेत अधिकारी आहे. बढतीच्या वाटेवर व्यवस्थापनाची पदव्युत्तर पदवी असलेली बरी, असे वरिष्ठांनी सुचविले, आणि मी नागपूरच्या एका महाविद्यालयात रविवारच्या वर्गाला नाव घातले. दोन वर्षे दर रविवारी पहाटेची एस्. टी. पकडून, मौद्याजवळ कन्हान ओलांडून, साठेक किलोमीटर जायचे आणि रात्री परत यायचे. वर्गात मी वयाने सर्वांत मोठा. बाकीच्यांत ट्रकचे सुटे भाग बनविणाऱ्या कारखान्यातले दोन फोरमन होते, तुमसरकडच्या मँगनीज खाणीतला एक तरुण इंजिनियर होता, एक औषधविक्रेता होता, आणि एका इस्पितळातल्या मेट्रन बाई होत्या. या बाई वर्गात क्वचितच बोलत; परंतु त्यांनी नुसती मान वर केली की मागच्या बाकावरची कुजबूज थांबे. पुस्तकाने जे साडेपाचशे पाने सांगितले ते त्यांना नोकरीच्या पहिल्या वर्षातच कळले असावे, अशी मला शंका आहे.

विषय मात्र मौजेचा. प्रारंभी थोर पुरुषांचा सिद्धांत. 1840 साली कार्लाइलने लंडनमध्ये वीरपुरुषांवर व्याख्याने दिली, तेव्हापासून पुष्कळांची अशी श्रद्धा होती की नेता हा जन्मालाच यावा लागतो. मग त्याचे गुण कोणते, याचा शोध सुरू झाला. उंची, आवाज, बुद्धी, आत्मविश्वास, सारे मोजून झाले. 1948 साली स्टॉगडिल नावाच्या अमेरिकन पंडिताने असे 124 अभ्यास एकत्र करून पाहिले आणि निष्कर्ष काढला, की केवळ गुणांच्या बेरजेने कोणी नेता होत नाही. प्रसंग बदलला की नेताही बदलतो. म्हणजे चाळीसपन्नास वर्षांची मोजदाद करून मंडळी आमच्या आजीच्या अनुभवापाशी येऊन पोचली होती.

मला अधिक आवडला तो 1939 सालचा कुर्ट लेविन आणि त्याच्या सहकाऱ्यांचा प्रयोग. दहा वर्षांच्या मुलांची मंडळे केली आणि त्यांना नाटकातले मुखवटे करावयास बसविले. एका मंडळाचा प्रमुख हुकूमशहा, दुसऱ्याचा विचार घेऊन चालणारा, तिसऱ्याचा नुसता बघ्या. हुकूमशहा समोर असताना त्याची मुले भराभर काम करीत. तो खोलीबाहेर गेला की हात थांबत. दुसऱ्या मंडळातली मुले मात्र प्रमुखाच्या पाठीमागेही मुखवटे रंगवीत बसत. हा धडा वाचला त्या सोमवारी मी माझ्या खोलीतून मुद्दाम बाहेर पडलो आणि जिन्याच्या कोपऱ्यावरून शाखेकडे पाहिले. काय दिसले ते येथे सांगण्याचे कारण नाही.

पुढे ब्लेक आणि माउटन या जोडीचा चौकटींचा पट आला. 1964 सालचा. कामाची कळकळ एका बाजूला, माणसांची कळकळ दुसऱ्या बाजूला, दोन्हीकडे नऊ नऊ अंश. आपल्या पत्रिकेला बारा घरे असतात, येथे एक्याऐंशी! ज्याचा ग्रह नऊ-नऊच्या घरात पडला तो आदर्श व्यवस्थापक. वर्गात प्रत्येकाने आपापली पत्रिका मांडली आणि एक मेट्रन बाई सोडल्या तर सर्वांचे ग्रह उच्चीचे निघाले. त्यानंतर हर्सी आणि ब्लँचर्ड यांचा 1969 सालचा चार पायऱ्यांचा मार्ग : नवख्याला सांगावे, उमेदवाराला पटवावे, जाणत्याला विचारात घ्यावे, तयार झालेल्यावर सोपवावे. मुले वाढविलेल्या कोणत्याही आईला हे अपरिचित नाही. या साऱ्या परदेशी पाहुण्यांत पाटण्याचे मानसशास्त्रज्ञ जय बी. पी. सिन्हा भेटले तेव्हा फार बरे वाटले. 1980 साली त्यांनी मांडले, की आपल्याकडच्या कचेरीत वरिष्ठाने आधी वडीलधाऱ्याची माया दाखवावी, परंतु ती कामाच्या मोबदल्यातच द्यावी. माणसे तयार होतील तसा आपला हात काढून घ्यावा. ते वाचताना माझ्या पहिल्या साहेबांची आठवण झाली. ते चुका काढताना घरचे लाडू खायला देत.

एके दिवशी प्राध्यापकांनी विचारले, “अधिकारपद आणि नेतृत्व यांतला फरक दाखविणारे उदाहरण सांगा.” कारखानदारांची नावे येऊ लागली. मी भंडाऱ्याचा, मला दुसरे उदाहरण कसे सुचणार? 1954 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर भंडारा मतदारसंघातून लोकसभेच्या पोटनिवडणुकीला उभे राहिले आणि पराभूत झाले. मतपेटीचा निकाल असा लागला. त्यानंतर अडीच वर्षांनी, 14 ऑक्टोबर 1956 रोजी, त्याच भंडाऱ्यापासून साठ किलोमीटरवर, नागपूरला, लाखो माणसे त्यांच्या मागून बौद्ध धम्मात गेली. त्या वेळी त्यांच्या हातात ना मंत्रिपद होते, ना कोणाला देण्यासारखी नोकरी. वर्ग थोडा वेळ शांत झाला. प्राध्यापकांनी फळ्यावर काहीतरी लिहिले आणि पुसून टाकले.

दुसऱ्या वर्षी प्रबंध आला. ‘एखाद्या संघटनेतील नेतृत्वाचे प्रत्यक्ष निरीक्षण करून अहवाल सादर करावा.’ कोणी आपला कारखाना घेतला, कोणी खाण. मी माझ्या शाखेचे निरीक्षण करावे तर ज्यांचे करायचे ते साहेब आणि मी एकाच टेबलावर डबा खाणार. तो नाद मी सोडला आणि आजोळी जायचे ठरविले.

आजोळ साकोली तालुक्यात. कारध्याच्या पुलावरून वैनगंगा ओलांडली की धानाचा मुलूख खरा सुरू होतो, आणि धान म्हटले की तलाव आले. आमच्या पूर्व विदर्भात असे जुने तलाव सहा हजारांहून अधिक आहेत. गोंड राजांच्या काळी, ‘जो तलाव बांधील त्याला त्या पाण्याखाली भिजणारी जमीन’ असे अभय मिळाले आणि कोहळी लोकांनी ते बांधले, असे परंपरा सांगते. या लोकांचा पाण्याचा उतार ओळखण्याचा हातखंडा जुन्या गॅझेटियरांतही नमूद आहे. इंग्रजी अमलात गावाबरोबर तलावही मालगुजाराचा झाला. 1951 साली मालगुजारी संपली, तलाव सरकारकडे आले आणि पुढे त्यांतले बहुतेक जिल्हा परिषदेच्या वहीत दाखल झाले. ‘माजी मालगुजारी’ या शब्दांची आद्याक्षरे घेऊन सरकारी कागदांत त्यांना आता ‘मामा तलाव’ म्हणतात. आमच्या गावचा तर खरोखरच मामाचा. माझ्या मामांच्या आजोबांच्या नावावर तो होता.

मालगुजारीचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. त्या व्यवस्थेत वेठबिगार होती आणि पाणी कोणाला नाही हे ठरविण्याचा हक्क एका वाड्यात होता. तो हक्क गेला हे उत्तमच झाले. पण मालक गेला त्याबरोबर दर उन्हाळ्यात पाळीवर माती टाकून घेणारा, सांडव्याचा दगड निसटला तर रात्री माणसे उठविणारा असा जो कोणी होता तोही गेला. कचेरीत तलावाची नोंद राहिली. तलावावर बसणारे कोणी उरले नाही. कित्येक तलाव गाळाने भरले ते यामुळे. कोणी ऐकावे हा प्रश्न पुस्तके विचारतात. कोणी बसावे हा प्रश्न आमच्या तलावांनी विचारला.

आमच्या गावात मात्र एक माणूस बसत होता. त्यांना सारे बाबाजी म्हणतात. ढीवर समाजातले, सत्तरीच्या आसपासचे, शाळा दुसरीपर्यंत. तुडूम, म्हणजे पाळीतले पाणी सोडण्याचे दार, उघडणे, पाट फिरविणे आणि बांधी-बांधीला पाळी लावून देणे हे त्यांचे काम. ते सरपंच नव्हते, पंचायतीचे नोकरही नव्हते. मळणी झाली की ज्याच्या त्याच्या खळ्यावरून त्यांना ठरलेले धान मिळे, एवढाच त्यांचा पगार.

2017 साली आमच्याकडे पावसाने फार ओढ दिली. दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात मी तीन दिवसांची रजा काढून गेलो तेव्हा भारी धान गर्भार होते. या वेळी एक पाणी मिळाले तर पीक. न मिळाले तर तणस. तलाव अर्धासुद्धा नव्हता. दीडशे एकरांना पुरेल इतके पाणी त्यात नाही हे पोरालाही दिसत होते. संध्याकाळी पाळीवरच्या मोहाखाली बैठक बसली. वरच्या अंगाचे शेतकरी, ज्यांच्या बांध्या तलावाला लागून, ते पुढे बसले होते. त्यांत माझे मामा होते. खालच्या अंगाचे, पाटाच्या शेवटी ज्यांचा एकेक एकर, ते मागे उभे होते. बैठकीतली जागासुद्धा पाण्याच्या उतारानेच ठरलेली! एका बाजूला मच्छीमार संस्थेची माणसे होती. त्यांनी पावसाळ्यात मासोळीचे बीज सोडलेले, तलाव उपसला की त्यांचे वर्ष गेले. बाबाजी त्या संस्थेचेही सभासद.

बोलाचाली सुरू झाली. रीतीप्रमाणे पाणी वरून खाली जाते, तेव्हा आधी वरचे भिजावे, उरले तर खालचे, असे पुढच्यांचे म्हणणे. मागचे लोक म्हणत होते की उरत कधीच नाही. आवाज चढले. मी वही काढून ‘संघर्षाचे स्वरूप’ असे शीर्षक लिहिले होते. सरपंचांनी जिल्ह्याच्या साहेबांना फोन लावला, तो लागला नाही. तेव्हा बाबाजी उठले आणि म्हणाले, “चाला जी, खालच्या बांधीपावेतो जाऊन येऊ.”

एवढेच. कोणी ‘का’ म्हणून विचारले नाही. चाळीसपन्नास माणसे पाटाच्या कडेने एकामागून एक निघाली. वाट किलोमीटरभराची असेल, पण मामांच्या त्या बाजूला कित्येक वर्षांत जाणे झाले नव्हते, हे त्यांच्या चालण्यावरून कळत होते. शेवटच्या बांधीत हात जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या. धान अजून हिरवे होते. पाती मात्र दोऱ्यासारखी वळलेली. ती बांधी एका विधवा बाईची. ती धुऱ्यावर उभी होती, पण काही बोलली नाही. बाबाजींनी खाली बसून भेगेत काडी घालून पाहिली आणि मामांकडे न बघता म्हणाले, “आधी खालचे भिजवू जी. वरच्याले पाझर तरी आहे.”

ही गोष्ट खरी होती. तलावालगतच्या बांध्यांना पाळीखालून थोडा ओलावा मिळतच असतो. सर्वांनी मामांकडे पाहिले. मामा बराच वेळ पागोट्याशी चाळा करीत राहिले. मग म्हणाले, “चार दिवस निघतील माझे.” परत येताना मासोळीचा वाद मिटला : तुडुमाचे तळचे भोक उघडायचे नाही, त्याखालचे पाणी मासोळीचे.

मेरी पार्कर फॉलेट या विदुषीला आमच्या पाठ्यपुस्तकाने अर्धेच पान दिले होते. तिचे सांगणे असे, की हुकूम माणसाने माणसाला देऊ नये. दोघांनी मिळून परिस्थितीचा हुकूम काय आहे तो शोधावा आणि पाळावा. हे तिने 1920 च्या दशकात मांडले. वाचले तेव्हा मला ते थोडे भाबडे वाटले होते. त्या बांधीच्या धुऱ्यावर तसे वाटले नाही.

पण गावचा कारभार एवढ्यावर सुरळीत झाला असे समजू नका. दुसऱ्या रात्री मधल्या अंगाला कोणीतरी पाट फोडला आणि दोन तासांचे पाणी भलत्या बांधीत गेले. सकाळी गावात नावे घेणे सुरू झाले. खालच्यांपैकी दोघेजण काठ्या घेऊन निघाले होते. बाबाजींनी स्वतः फावड्याने पाट बुजविला होता आणि पावलांचे ठसे त्यांनी पाहिलेच असणार. ते एक शब्द बोलले नाहीत. संध्याकाळी राखणीच्या पाळ्या लावताना मात्र मधल्या अंगाच्या एका पदवीधर पोराला म्हणाले, “आज राती तू माझ्यासंग.” पोराचा चेहरा उतरला. रात्रभर तो बाबाजींबरोबर कंदील घेऊन पाटावर फिरला. त्यानंतर पाट फुटला नाही. पोराचे नाव गावात कोणी उच्चारले नाही. मलाही ते दोन वर्षांनी, दुसऱ्याच गोष्टीच्या ओघात कळले.

मी परत आलो आणि उत्साहाने तीस पानांचा अहवाल लिहिला. मार्गदर्शकांनी तो चाळून परत केला. त्यांचे आक्षेप तीन. एक, तलाव ही संघटना नव्हे. दोन, ज्याला पद नाही त्याला नेता म्हणून कोणत्या रकान्यात घालायचे? तीन, प्रश्नावली कुठे आहे? तिसरा आक्षेप पुरा करणे माझ्या हाती होते. म्हणून दिवाळीनंतर पुन्हा गेलो आणि पाळीवर बसून बाबाजींना प्रश्नावली वाचून दाखविली. ‘मी माझ्या सहकाऱ्यांसमोर स्पष्ट उद्दिष्ट ठेवतो : पूर्णपणे सहमत, सहमत, तटस्थ, असहमत, पूर्णपणे असहमत.’ बाबाजींनी शांतपणे ऐकले आणि विचारले, “याच्यात पानी किती उरलं हे कोठी लिवाचं?” असा रकाना नव्हता. मी ‘तटस्थ’वर खूण केली.

अहवाल अखेर मंजूर झाला. श्रेणी मध्यम मिळाली. परीक्षा संपल्यावर ग्रंथालयात, अगदी वेगळ्या कपाटात, अर्थशास्त्राच्या विभागात, मला एलिनॉर ऑस्ट्रॉम यांचे 1990 सालचे पुस्तक सापडले. सामायिक पाणी, कुरणे, मासेमारी यांची राखण माणसे पिढ्यानपिढ्या कशी करतात, याचा त्यांनी जगभर फिरून अभ्यास केला आणि 2009 साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. ते मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. टिकून राहिलेल्या व्यवस्थांत त्यांना काही गोष्टी सारख्या आढळल्या : नियम करण्यात ज्यांना ते पाळायचे त्यांचा हात असतो, राखणारा माणूस वापरणाऱ्यांना जबाबदार असतो, आणि पहिल्या गुन्ह्याला शिक्षा हलकी असते. वाचता वाचता मला तो कंदील आठवला. त्या पुस्तकाचे आणि आमच्या नेतृत्वाच्या पुस्तकाचे कपाट यांमध्ये पंधरा पावलांचे अंतर होते. दोन वर्षांत ते चालायला आम्हाला कोणी सांगितले नाही. आपल्या राज्याने 2005 साली शेतकऱ्यांकडे सिंचनाचे व्यवस्थापन देण्याचा कायदा केला, त्यात पाणीवापर संस्थेच्या संचालकांत वरचे, मधले आणि शेवटचे अशा तिन्ही अंगांचे प्रतिनिधी असावेत अशी तरतूद आहे. तो कायदा करणाऱ्यांपैकी कोणीतरी शेवटच्या बांधीपर्यंत चालत गेलेला असावा.

पदवीचा बँकेत काय उपयोग झाला असे लोक विचारतात. बढती मिळाली, ती बहुधा पदवीने. उपयोग म्हणाल तर एक सांगतो. निवृत्तिवेतनाच्या दिवशी आमच्या शाखेत रांग लागते. गावातले पेन्शनर दहाच्या ठोक्याला येऊन पुढे उभे राहतात. पवनी-लाखांदूरकडून येणारे म्हातारे एस्. टी.ने साडेअकराला पोचतात आणि शेवटी उभे राहतात. त्यांची परतीची गाडी दोनची. ती चुकली की संध्याकाळ. हे मी कित्येक वर्षे माझ्या काचेतून पाहत होतो, म्हणजे खरे तर पुढची चार डोकीच दिसत होती. एका महिन्यात मी खुर्ची उचलून रांगेच्या शेवटी नेली आणि तिथे तासभर बसलो. त्यानंतर बाहेरगावच्यांसाठी एक वेगळी खिडकी सुरू झाली. शाखेतल्या शिपायाने सांगितले, की ही सूचना तो सहा वर्षांपासून करीत होता.

बाबाजी आता तुडुमावर जात नाहीत. गुडघे साथ देत नाहीत. त्यांचा मुलगा नागपूरला एका गोदामात कामाला आहे आणि परत येणार नाही. पाळीवर कोण बसणार हा प्रश्न गावापुढे आहे. धानाच्या मोबदल्यात रात्र काढायला कोणी तयार नाही, आणि रोख पगाराची तरतूद कोणत्या शीर्षाखाली करावी हे पंचायतीला सुचत नाही. मागच्या पावसाळ्यात तो कंदिलवाला पोरगा हौसेने काही दिवस गेला. पुढे त्याला तलाठ्याच्या परीक्षेचा अभ्यास होता.

मामांच्या कोपऱ्यातल्या बांधीला त्या वर्षी नेहमीपेक्षा तीन पोती कमी उतरली. मामा त्याबद्दल कधी बोलले नाहीत. मामी मात्र मी गेलो की तांदळाच्या कणगीकडे बोट दाखवून पाहुण्यांना सांगतात, “आमच्या भाच्याच्या पदवीला आम्हीही फी भरली आहे, बरं का!” आणि ताटात भात वाढताना एक मूद नेहमी कमी घालतात.